देखरेखीची सनद

संगणकयंत्रावर देखरेख करणारे साधन कंटेनरमध्ये चालवू नये, ते थेट मूळ यंत्रावरच बसवावे, हे मत संगणकाच्या कारभारात वावरणाऱ्या मंडळींत आज इतक्या निःशंकपणे मांडले जाते, की त्याची तपासणी करण्याची गरजच पुष्कळांना वाटेनाशी झाली आहे. या मताच्या पाठीशी जाणत्यांचे वजन आहे, हेही खरे. प्रोमिथियस ही देखरेखीची प्रणाली 2012 साली साउंडक्लाउड या कंपनीत जन्मास आली आणि पुढे जगभर पसरली. तिच्या परिवारात यंत्राची प्रकृती मोजणारा ‘नोड एक्स्पोर्टर’ नावाचा जो घटक आहे, त्याच्या कर्त्यांनी आपल्या परिचयपत्रातच पुष्कळ वर्षे सांगून ठेवले होते, की याला मूळ यंत्राच्या अंतरंगात प्रवेश लागतो, सबब तो डॉकरच्या कंटेनरमध्ये ठेवण्याची शिफारस आम्ही करीत नाही. कर्त्यानेच असे म्हटल्यावर वाद तो काय उरला, असे कोणी विचारील. मला वाद उरतो असे वाटते. इतकेच नव्हे, तर डहाणू-तलासरीसारख्या तालुक्यांत, जिथे यंत्र असते पण यंत्रज्ञ हाताशी नसतो, तिथे या वादाचा निकाल कोणत्या बाजूने लागतो यावर लहान लहान संस्थांच्या दप्तरांची सुरक्षितता अवलंबून आहे, असे माझे ठाम मत आहे.

ही परिस्थिती प्रथम नीट डोळ्यांपुढे आणली पाहिजे. किनाऱ्यावरच्या डहाणू, घोलवड, बोर्डीपासून पूर्वेच्या डोंगराळ पट्ट्यातील धुंदलवाडी-तलासरीपर्यंतच्या या मुलखात शिक्षणसंस्था आहेत, पतपेढ्या आहेत, चिकूबागायतदारांच्या सोसायट्या आहेत, दवाखाने आहेत. आणि त्यांतील कित्येकांच्या कचेरीत, कपाट आणि खिडकी यांच्या मधल्या जागेत, एक बऱ्यापैकी ताकदीचे यंत्र अहोरात्र चालू असते, ज्यावर हिशेब, हजेरी, प्रवेश आणि कागदपत्रांचा साठा ही सारी कामे एकत्र नांदतात. ते सांभाळण्याची विद्या शिकलेला तरुण मात्र पहाटेच्या गाडीने मुंबईच्या वाटेला लागतो; एप्रिल 2013 मध्ये उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत आली तेव्हापासून तर ही वाट आणखी सोपी झाली आहे, आणि त्या तरुणाला त्याबद्दल दोष देण्याचे काही कारण नाही. अशा ठिकाणी एखाद्या प्रोग्रामची मांडणी अशी असावी लागते, की यंत्र बिघडले किंवा माणूस बदलला तरी एका लहानशा मांडणी-फाइलवरून दुसऱ्या कोणालाही ती जशीच्या तशी पुन्हा उभी करता यावी. कंटेनरने नेमकी हीच सोय करून दिली, म्हणून तो इथे रुजला. हिशेबाचा प्रोग्राम कंटेनरमध्ये, हजेरीचा कंटेनरमध्ये, आणि या सर्वांवर नजर ठेवणारे साधन मात्र कोणी एके काळी हाताने बसवलेले, कसे बसवले हे कोणालाच न आठवणारे, अशी विसंगती, थेट बसवण्याचा आग्रह धरणाऱ्या पूर्वपक्षाच्या सल्ल्याने पदरात पडते.

आता पूर्वपक्षाचे मुख्य प्रमाण पाहू. कंटेनरमधून दिसते ते खरे नसते, हा त्याचा आक्षेप आहे. आणि तो खोटा नाही. कंटेनर म्हणजे स्वतंत्र संगणक नव्हे. लिनक्सच्या एकाच कर्नलवर चालणाऱ्या काही प्रक्रियांना दोन प्रकारची कुंपणे घातली की कंटेनर होतो. एक कुंपण दृष्टीचे, ज्याला नेमस्पेस म्हणतात, आणि ज्यामुळे आतल्या प्रक्रियेला बाहेरच्या प्रक्रिया, बाहेरची जाळी, बाहेरचे नाव दिसत नाही. दुसरे कुंपण वाट्याचे, ज्याला सी-ग्रुप म्हणतात, आणि ज्यामुळे आतल्या प्रक्रियेला मेमरी आणि प्रोसेसर ठरवून दिलेल्या मापापलीकडे वापरता येत नाही. पहिल्याची सुरुवात 2002 च्या सुमारास झाली; दुसऱ्यावर गूगलच्या अभियंत्यांनी 2006 मध्ये काम सुरू केले आणि जानेवारी 2008 च्या कर्नलमध्ये ते मूळ प्रवाहात आले; मार्च 2013 मध्ये डॉकरने या दोहोंना एका सुटसुटीत वेष्टनात घालून सामान्य माणसाच्या हाती दिले. गोम अशी, की ही दोन कुंपणे एकाच हाताने आणि एकाच वेळी घातलेली नाहीत, त्यामुळे त्यांच्यामध्ये फटी राहिल्या. आणि देखरेखीचे साधन ज्या ‘प्रॉक’ नावाच्या निर्देशिकेतून आपले बहुतेक आकडे वाचते, ती निर्देशिका नेमकी या फटींच्या तोंडाशी आहे.

याचा प्रत्यय तलासरी तालुक्यातील एका संस्थेच्या कचेरीत मला आला. यंत्राची मेमरी 16 जीबीची, आणि हिशेबाचा जावामध्ये लिहिलेला एक जुना प्रोग्राम 1 जीबीची मर्यादा घातलेल्या कंटेनरमध्ये ठेवलेला. महिनाअखेरीचे हिशेब सुरू झाले की तो प्रोग्राम काहीही न बोलता बंद पडे. तिथे काम पाहणारा मुलगा हुशार होता. त्याने त्याच कंटेनरच्या आत एचटॉप हे साधन चालवून पाहिले होते, आणि पडद्याकडे बोट दाखवून तो मला म्हणाला, ‘‘सर, मेमरी तर निम्म्याहून जास्त मोकळी दिसतेय. मग हा मरतो कशाने?’’

‘‘अरे, ही मोकळी मेमरी त्याची नव्हेच,’’ मी म्हटले, ‘‘सबंध यंत्राची आहे ती.’’

त्या पडद्याकडे बारकाईने पाहण्यासारखे होते. वरच्या भागात मेमरीची पट्टी सबंध यंत्राची, 16 जीबीची. प्रोसेसरवरचा सरासरी भारही सबंध यंत्राचा. आणि खाली प्रक्रियांची यादी मात्र अवघ्या तीन ओळींची, जिच्यात पहिल्या क्रमांकावर तो हिशेबाचा प्रोग्राम, दुसऱ्यावर आत उघडलेले शेल आणि तिसऱ्यावर एचटॉप स्वतः. म्हणजे एकाच पडद्यावर मथळा एका घराचा आणि मजकूर दुसऱ्या घराचा! मेमरीचा तक्ता, प्रोसेसरचा तक्ता आणि भाराचा तक्ता कर्नल सर्वांना सारखाच दाखवतो, तर प्रक्रियांची यादी तेवढी नेमस्पेसच्या कुंपणातून गाळून देतो. यातला कोणताही आकडा असत्य नाही; असत्य आहे ती त्यांची शेजारशेजारची मांडणी. खरे उत्तर सी-ग्रुपच्या दप्तरात होते, जिथे ठरवून दिलेली कमाल मेमरी आणि चालू वापर अशा दोन निराळ्या नोंदी असतात. आणि कंटेनर ज्या निर्गमांकाने बंद पडला होता तो 137 होता, म्हणजे 128 अधिक 9, म्हणजे कर्नलने नवव्या क्रमांकाचा मारक संकेत पाठवून ती प्रक्रिया संपवली होती. आणि गंमत नव्हे, खेदाची गोष्ट ही, की तो जावाचा प्रोग्रामही एचटॉपसारखाच फसला होता. जुना जावा सबंध यंत्राची मेमरी पाहून तिच्या चौथ्या हिश्शापर्यंत, म्हणजे इथे 4 जीबीपर्यंत, आपला साठा वाढू देतो. वाट्याला आलेली 1 जीबी त्याच्या गणतीतच नसते. ऑक्टोबर 2018 मध्ये जावा 8 च्या 191 व्या सुधारणेत त्याला कंटेनरची मर्यादा ओळखता येऊ लागली, परंतु या संस्थेत चालू होती ती आवृत्ती त्याआधीची. आवृत्ती बदलताच प्रोग्राम आपल्या मर्यादेत राहू लागला.

या प्रसंगातून पूर्वपक्षाचा निष्कर्ष निघतो काय? माझ्या मते निघत नाही. मोजणारे साधन पेटीत ठेवले म्हणून मापन बिघडले, असे म्हणण्याआधी पेटी कशापासून अलग केली होती आणि कशाशी जोडली होती, हे विचारले पाहिजे. आणि हा विचार करण्यासाठी डहाणू-तलासरीच्या माणसाला लांब जावे लागत नाही. नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडीच्या परिसरात लहान-मोठ्या भूकंपांची जी मालिका सुरू झाली, जिच्यातील 1 फेब्रुवारी 2019 चे धक्के सर्वांच्या स्मरणात आहेत, जिच्या धास्तीने कुटुंबेच्या कुटुंबे थंडीत घराबाहेर तंबूंत झोपली, त्या मालिकेचे मोजमाप करण्यासाठी हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था आणि दिल्लीचे राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र यांना आपली उपकरणे या तालुक्यांतच आणून बसवावी लागली. कारण दूरवरच्या केंद्रांना उथळ आणि लहान धक्के ऐकू येत नाहीत, आणि जे ऐकू येतात त्यांची खोली नीट सांगता येत नाही. आता भूकंपमापकाचे स्थायी ठाणे कसे बांधतात ते पाहावे. उपकरण बंदिस्त ठेवतात, म्हणजे वारा, ऊन, माणसांची ये-जा यांचा उपद्रव होऊ नये. पण ज्या चौथऱ्यावर ते ठेवायचे तो चौथरा इमारतीच्या पायापासून मुद्दाम सुटा ठेवून थेट खालच्या खडकाशी जोडतात. भिंतींनी बंद, पायाने उघडे, अशी ती रचना असते. चौथरा खडकाऐवजी फरशीवर उभा केला तर ते उपकरण भूकंपाऐवजी दारांची आपटाआपट मोजीत बसेल. आणि पेटीच काढून टाकली तर खडकाच्या कंपनात वाऱ्याचे कंपन मिसळून जाईल. तलासरीच्या त्या कचेरीत एचटॉपचा चौथरा फरशीवर होता. दोष भिंतींचा नव्हता.

तेव्हा देखरेखीचे साधन कंटेनरमध्ये ठेवावे, परंतु ज्याचे मापन करायचे त्या मूळ यंत्राशी त्याचा पाया जाणीवपूर्वक जोडून द्यावा, हा सिद्धांताचा पहिला अर्धा भाग झाला. पण इथेच दुसरा एक पक्ष उभा राहतो, आणि त्याचे खंडन पहिल्यापेक्षाही आवश्यक आहे, कारण पहिला पक्ष अतिसावध आहे तर हा बेफिकीर आहे. हा पक्ष म्हणतो, की जोडायचेच आहे तर सर्वच जोडून टाकावे: कंटेनरला ‘प्रिव्हिलेज्ड’ म्हणजे सर्वाधिकारी करावे, डॉकरला हुकूम पाठवण्याची वाट असलेले त्याचे सॉकेट आत द्यावे, मूळ यंत्राची सगळी फाइल-व्यवस्था आत उघडावी, आणि आकडे दिसू लागले की काम फत्ते झाले असे समजावे. चटकन काम उरकण्याच्या घाईत अशा आज्ञा इकडून तिकडे उतरवून घेतल्या जातात, आणि वर्षानुवर्षे तशाच चालू राहतात.

सर्वाधिकार दिलेल्या कंटेनरला कुंपण नावापुरतेच उरते. कर्नलचे सगळे विशेषाधिकार आणि यंत्राला जोडलेली सगळी उपकरणे त्याच्या हाती जातात. ज्याच्या नावावर आपण सुरक्षिततेचा भरवसा ठेवतो ती भिंत तिथे केवळ नकाशावर असते. सॉकेटची गोष्ट याहून सूक्ष्म आहे, आणि पुष्कळ जाणते लोकही तिथे चुकतात. ते सॉकेट ‘केवळ वाचनासाठी’ असा शेरा मारून आत दिले की धोका टळला, असा समज फार प्रचलित आहे. परंतु तो शेरा फक्त फाइलच्या नोंदीला लागू पडतो, म्हणजे ती फाइल पुसता किंवा बदलता येत नाही एवढेच. तिच्यामधून डॉकरच्या कारभाऱ्याला जे हुकूम पाठवता येतात त्यांना तो शेरा अडवीत नाही. ज्याच्या हाती ते सॉकेट आहे तो मूळ यंत्राची सगळी फाइल-व्यवस्था जोडलेला नवा सर्वाधिकारी कंटेनर केव्हाही उभा करू शकतो. म्हणजे त्याला मूळ यंत्राचे संपूर्ण स्वामित्व मिळाल्यासारखेच आहे. आणि हा धोका पुस्तकी नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये, धुंदलवाडीची माणसे तंबूंत झोपत होती त्याच महिन्यात, ‘रनसी’ या कंटेनर सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममधील एक दोष जाहीर झाला, ज्याचा फायदा घेऊन कंटेनरमध्ये रूट म्हणजे सर्वोच्च वापरकर्ता असलेली प्रक्रिया मूळ यंत्रावरील रनसीचीच फाइल बदलून टाकू शकत असे. म्हणजे नीट बांधलेल्या भिंतीलाही कधी तडा जातो. मग जिथे भिंत आपणच पाडून ठेवली आहे तिथली कथा काय सांगावी?

एवढ्यावर पहिला पक्ष पुन्हा पुढे सरसावेल आणि म्हणेल, की हेच आम्ही सांगत होतो. आत ठेवले तर आंधळे, आणि डोळे दिले तर धोकादायक. हे म्हणणे मला मुळातच उलटे वाटते, आणि माझ्या लेखाचा गाभा इथेच आहे. थेट मूळ यंत्रावर रूटच्या नावाने बसवलेल्या साधनाला हे सगळे अधिकार असतातच. ते सगळ्या प्रक्रिया पाहते, सगळ्या फाइली वाचू शकते, सगळ्या जाळ्यांवर कान ठेवू शकते, आणि मनात आले तर यंत्र बंदही करू शकते. फरक इतकाच, की हे अधिकार कोणी दिलेले नसतात, ते आपोआप आलेले असतात. त्यांची कुठे नोंद नसते, त्यांवर कोणाची सही नसते, आणि म्हणून ते कोणाच्या नजरेस येत नाहीत. कंटेनरमध्ये ठेवलेल्या साधनाला मात्र प्रत्येक अधिकार मागून घ्यावा लागतो, आणि ती मागणी मांडणी-फाइलच्या ओळीत उतरते. अमुक निर्देशिका केवळ वाचनासाठी, तमुक नेमस्पेस मूळ यंत्राची, इतका एक विशेषाधिकार, बाकी सगळे रद्द: ही जी दहा-पंधरा ओळींची यादी होते, ती त्या साधनाची सनद आहे. तिच्यात जे नाही ते त्याच्या अखत्यारीत नाही. ती सनद संस्थेच्या चिटणिसाला दाखवता येते, पुढच्या माणसाच्या स्वाधीन करता येते, आणि दोन वर्षांनी काढून, यातले काय अजून लागते आणि काय नाही, याचा फेरविचारही करता येतो. पूर्वपक्षाला जो धोका कंटेनरमुळे निर्माण झालासा वाटतो, तो कंटेनरने निर्माण केलेला नाही. पूर्वीपासून होता तो कंटेनरने लिहून दाखवला.

या सनदेत काय असावे याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण तत्त्वावर एकमत होऊनही तपशिलात घात होतो. मूळ यंत्राची ‘प्रॉक’ निर्देशिका निराळ्या नावाने केवळ वाचनासाठी आत द्यावी आणि साधनाला आपले आकडे तिथून घेण्यास सांगावे. असे केले की मूळ यंत्राच्या सगळ्या प्रक्रिया दिसू लागतात, कारण ती निर्देशिका जिथे जोडली गेली तिथल्या नेमस्पेसची दृष्टी आपल्याबरोबर घेऊन येते. पण जाळ्याचे आकडे इथेही फसवतात: त्या निर्देशिकेतील जाळ्याचा तक्ता वाचणाऱ्याच्या स्वतःच्या कुंपणाप्रमाणे उलगडतो, त्यामुळे बाहेरची निर्देशिका आत दिलेली असूनही साधन आपल्याच कंटेनरची चिमुकली जोडणी मोजीत राहते आणि आलेख मात्र छान नियमित दिसतो. त्यासाठी पहिल्या क्रमांकाच्या प्रक्रियेच्या नोंदीतून जाळ्याचा तक्ता वाचावा, नाहीतर जाळ्याची नेमस्पेस मूळ यंत्राचीच द्यावी. नावाचीही काळजी घ्यावी. कंटेनरला स्वतःचे यंत्रनाम (होस्टनेम) दिलेले नसले की डॉकर त्याला बारा अक्षरी सांकेतिक ओळख चिकटवतो आणि नवा कंटेनर झाला की ती बदलतो; त्यामुळे साधन नव्याने उभे केले की दप्तरात एक नवेच यंत्र जन्माला येते आणि जुन्या यंत्राचा इतिहास तिथेच तुटतो. महिन्याभराचा कल पाहायला जावे आणि हाती चार निरनिराळ्या यंत्रांची तुटक पाने यावीत, असे होते. नाव स्पष्ट लिहून द्यावे, एवढ्याने ते टळते.

आणि ‘केवळ वाचनासाठी’ या शब्दांवर विसंबू नये, हे सॉकेटबद्दल सांगितले ते ‘प्रॉक’बद्दलही खरे आहे. तिथे प्रत्येक प्रक्रियेच्या नोंदीत तिला सुरुवातीला दिलेली परिवेश-मूल्ये असतात, आणि कंटेनरच्या जगात डेटाबेसचे पासवर्ड याच मूल्यांतून देण्याची रीत पडून गेली आहे. प्रक्रिया सुरू करताना लिहिलेली सबंध आज्ञा तर तिथे सर्वांनाच वाचता येते, मग पासवर्ड त्या आज्ञेत लिहिलेला असेल तर तोही. वाचणे निरुपद्रवी असते, ही कल्पना संगणकाच्या बाबतीत सोडून द्यावी. म्हणून देखरेखीचे साधन कंटेनरच्या आतही रूटच्या नावाने चालवू नये, कमी अधिकाराच्या वापरकर्त्याच्या नावाने चालवावे. त्याला दुसऱ्या वापरकर्त्यांच्या प्रक्रियांची परिवेश-मूल्ये उघडता येत नाहीत. नेटडेटासारखी काही साधने सविस्तर माहितीसाठी दुसऱ्या प्रक्रियांच्या अंतरंगात डोकावण्याचा खास परवाना मागतात, आणि मागतात ते उघडपणे मागतात. तो द्यावा की न द्यावा हा प्रश्न संस्थेगणिक निराळा सुटेल, पण पतपेढीच्या यंत्रावर मी तो देणार नाही. मेमरी आणि प्रोसेसर किती भरले आहेत हे त्याविनाही कळते, आणि पतपेढीला तेवढेच कळायला हवे असते.

आतापर्यंतच्या विवेचनावर एक आक्षेप असा निघू शकतो, जो मला सर्वांत बळकट वाटतो, की हे सर्व निर्बंध सिस्टमडी या लिनक्सच्या सेवा-व्यवस्थापकाकडूनही घालता येतात. मूळ यंत्रावर थेट बसवलेल्या सेवेलाही मेमरीची मर्यादा, विशेषाधिकारांची काटछाट, फाइल-व्यवस्थेवर केवळ वाचनाचा शेरा, हे सगळे तिच्या नोंदपत्रात लिहिता येते. मग कंटेनरच कशाला? हे तांत्रिकदृष्ट्या पूर्ण सत्य आहे, आणि जो कारभारी आपल्या सेवेचे नोंदपत्र अशा काळजीने लिहितो त्याच्याशी माझे काहीच भांडण नाही. परंतु दोन्हींची सुरुवात कुठून होते, ते पाहावे. सिस्टमडीत मुळात सगळी दारे उघडी असतात आणि एकेक ओळ लिहून ती बंद करावी लागतात. ओळ लिहायची राहिली तर दार उघडे राहते, आणि ते उघडे राहिले याचा कोणाला पत्ता लागत नाही, कारण साधन सुरळीत चालत असते. कंटेनरमध्ये मुळात बहुतेक दारे बंद असतात आणि एकेक ओळ लिहून ती उघडावी लागतात. ओळ राहिली तर साधनाला काहीतरी दिसत नाही, बहुधा एखादा तक्ता रिकामा येतो, आणि त्या रिकाम्या तक्त्यामुळे चूक लक्षात येते; जाळ्याच्या आकड्यांसारखी फसगत हा अपवाद. जिथे तज्ज्ञ रोज देखरेखीला नाही, तिथे विसरण्याची शिक्षा ‘कमी दिसणे’ ही असावी, ‘जास्त उघडे पडणे’ ही नसावी. डहाणूच्या पतपेढीत आणि तलासरीच्या आश्रमशाळेत माणसे विसरणार, ती दुसऱ्या कामांत अडकणार, बदलून जाणार. त्यांच्यासाठी व्यवस्था निवडायची तर याच कसोटीवर निवडली पाहिजे.

अलीकडे कुबरनेटिस चालवणाऱ्या मोठमोठ्या यंत्रसमूहांत प्रत्येक यंत्रावर देखरेखीचा एकेक कंटेनर ठेवण्याची प्रथा सर्वमान्य झाली आहे, आणि खुद्द नोड एक्स्पोर्टरही तिथे पुष्कळदा असाच, मूळ यंत्राच्या आवश्यक नेमस्पेस देऊन, चालवला जातो. शिफारस एकीकडे आणि व्यवहार दुसरीकडे, असे झाले आहे. मोठ्यांचा आचार हे मी प्रमाण मानीत नाही, कारण त्यांच्याकडे रात्रंदिवस पहाऱ्याला माणसे असतात. पण कर्त्यांच्या त्या जुन्या शिफारशीला अंतिम शब्द समजणाऱ्यांनी हा आचारही विचारात घ्यावा.

शेवटचा आक्षेप राहिला. कंटेनर सांभाळणारा डॉकरच कोसळला तर त्याच्यातली देखरेखही कोसळेल, आणि नेमक्या गरजेच्या घटकेला आपण आंधळे होऊ, असे म्हणतात. खरे आहे, पण वीज गेली, डिस्क निकामी झाली किंवा कर्नल गोठला, तर थेट बसवलेले साधनही त्याच क्षणी मुके होते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे यंत्र बंद पडण्याचे पहिले कारण वीज असते, डॉकर नव्हे. ज्याचे मोजमाप करायचे त्याच्याच पोटातील कोणतेही साधन त्याच्या मृत्यूची बातमी देऊ शकत नाही. एका भूकंपमापकावरून धक्का कुठे झाला हे ठरत नाही, निदान तीन ठाण्यांच्या नोंदी ताडाव्या लागतात. इथे तितके नको, पण दुसरे एक ठाणे हवेच. म्हणून प्रत्येक संस्थेच्या यंत्राला दुसऱ्या ठिकाणच्या दुसऱ्या यंत्राने ठराविक अंतराने हाक द्यावी आणि ओ आली नाही तर माणसाच्या फोनवर कळवावे. प्रोमिथियसमध्ये हाक देण्याची सोय जन्मजात आहे: तो स्वतः जाऊन आकडे मागतो, आणि मिळाले नाहीत तर ‘उभे आहे’ या नोंदीत एकाऐवजी शून्य लिहितो. तलासरीचे यंत्र डहाणूच्या यंत्राने पाहावे आणि डहाणूचे तलासरीच्याने. दोन्ही संस्थांना मिळून यासाठी वेगळे यंत्र विकत घ्यावे लागत नाही, फक्त एकमेकींवर तेवढा विश्वास लागतो.

ज्यांना हे मंडन अमान्य असेल त्यांना माझी एकच विनंती आहे. आपल्या यंत्रावर थेट बसवलेले देखरेखीचे साधन कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने चालते, कोणकोणत्या निर्देशिका वाचू शकते, कोणते पासवर्ड त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात येतात, आणि उद्या त्याची नवी आवृत्ती आपोआप उतरली तर तिला काय काय करता येईल, याची लेखी यादी त्यांनी तयार करावी, आणि ती तलासरीच्या त्या मुलाने पुढे देखरेखीच्या साधनासाठी लिहिलेल्या मांडणी-फाइलीशेजारी ठेवून दोन्ही याद्यांतील ओळी एकेक करून ताडून पाहाव्यात. त्याने ती फाइल कचेरीच्या सूचनाफलकावर छापून लावली आहे.